नवा ॲनिमोन आधी स्थिरावू द्या, क्लाउनची जोडी मागाहून आणा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नागपुरात घरी दोनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक सात महिन्यांपासून चालू आहे, त्यात अजून एकही मासा नाही, थोड्या गोगलगायी आणि हर्मिट खेकडे तेवढे आहेत. दहा दिवसांपूर्वी तुम्ही बबल टिप ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारा, फुलासारख्या स्पर्शिकांचा सागरी प्राणी) आणला. पहिले दोन दिवस तो काचेवर फिरला, मग खडकाच्या मागच्या बाजूला जाऊन बसला. दिवसा अर्धवट उघडतो आणि रात्री आक्रसतो. ज्यांच्याकडून तो घेतला, त्यांचे म्हणणे असे की क्लाउनफिशची जोडी सोडली की तो लवकर स्थिरावेल. हे खरे आहे का, आणि नसेल तर किती दिवस थांबावे, असे तुम्ही विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: आत्ता जोडी सोडू नका. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र नुसत्या दिवसांत देता येत नाही. हा ॲनिमोन प्रवासाच्या धक्क्यातून सावरला आहे का, आणि तुमच्या टँकमधले पाणी येत्या तीन महिन्यांत एकसारखे राहणार आहे का, हे दोन प्रश्न त्यामागे आहेत. मार्च निम्मा उलटून गेला आहे आणि आपण नागपुरात राहतो, म्हणून दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तुम्हाला मिळालेला सल्ला अगदीच निराधार नाही. समुद्रात क्लाउनफिश ॲनिमोनच्या स्पर्शिका कुरतडणाऱ्या बटरफ्लायफिशना हाकलतो, त्याच्या उत्सर्गातला अमोनिया ॲनिमोनच्या शरीरातल्या एकपेशीय शैवालाला खत म्हणून मिळतो, आणि रात्री स्पर्शिकांमध्ये वळवळत राहिल्याने तेथे ताजे, प्राणवायूयुक्त पाणी खेळते राहते. निरोगी ॲनिमोन मासे आल्यावर अधिक फुलतो, हे मीही पाहिले आहे. पण तुमच्या टँकमध्ये स्पर्शिका खाणारा शत्रू नाही, पाणी खेळवायला पंप आहे, आणि खत थोड्या अन्नाने पुरवता येते. म्हणजे माशाकडून या घडीला मिळण्यासारखे फार थोडे आहे. याउलट मासा दिवसभर अंग घासतो, तोंडाच्या चकतीवर दाबून बसतो, स्पर्शिकांना चावे घेतो आणि भरवलेला घास तोंडातून ओढून नेतो. धडधाकट ॲनिमोन हे सारे सोसतो. नुकताच आलेला, ज्याचा पाय (खडकाला चिकटण्याचा तळ) अजून नीट रोवला गेलेला नाही असा ॲनिमोन मात्र प्रत्येक स्पर्शाने आक्रसतो. आक्रसला की त्याच्या अंगावर प्रकाश कमी पडतो, प्रकाश कमी पडला की शैवालाकडून मिळणारे अन्न कमी होते, आणि अशक्तपणा वाढत जातो. म्हणून क्रम बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता त्याच्या सध्याच्या वागण्याविषयी. त्यातल्या दोन गोष्टींची काळजी करू नका. रात्री आक्रसणे स्वाभाविक आहे. खडकामागे जाणेही वाईट लक्षण नाही, कारण बबल टिप जातीचा ॲनिमोन समुद्रात आपला पाय कपारीत खोल रोवतो आणि फक्त स्पर्शिका उजेडात बाहेर काढतो; तो बहुधा अशीच कपार शोधत आहे. त्याला काढून समोर, दिसेल अशा जागी आणून ठेवण्याचा मोह टाळा. चिकटलेला पाय ओढताना फाटला तर जखमेत जंतुसंसर्ग होतो, आणि ॲनिमोन दगावू शकतो. स्पर्शिकांच्या टोकांना फुगे नसून त्या लांबट दिसत असतील, तर तोही आजार नव्हे. अधूनमधून पूर्ण आक्रसून तपकिरी, दोऱ्यासारखा मळ बाहेर टाकणे हेही नेहमीचेच आहे.

लक्ष द्यायचे ते दिवसा अर्धवट उघडण्याकडे. याची कारणे तीन असू शकतात: प्रकाश, प्रवाह आणि पाणी. नागपूरला येणारा ॲनिमोन बहुधा चेन्नई किंवा मुंबईमार्गे येतो. पिशवीतल्या अंधारात आणि नंतर दुकानातल्या मंद उजेडात त्याचे काही दिवस गेलेले असतात, आणि त्या काळात त्याचे शैवाल घटते. अशा प्राण्यावर पहिल्याच दिवसापासून पूर्ण शक्तीचा एलईडी सोडला तर तो उजेडापासून पळतो. तुमचा दिवा आत्ता किती टक्क्यांवर चालतो ते तुम्ही लिहिलेले नाही. पूर्ण शक्तीवर असेल तर निम्म्याहून थोडा खाली आणा आणि दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. पार मीटर (शैवालाला उपयोगी प्रकाश मोजणारे यंत्र) कोणाकडून मिळाला तर या जातीला साधारण १५० ते ३०० च्या दरम्यानचा प्रकाश मानवतो; मीटर नसेल तर ॲनिमोनचाच कौल घ्या. उजेडाकडे मान काढून पसरत असेल तर प्रकाश वाढवायला हरकत नाही, सावलीत सरकत असेल तर थांबा.

प्रवाह मध्यम आणि दिशा बदलणारा हवा. एका बाजूने सतत झोत बसला तर तो जागा सोडतो. येथेच एक गोष्ट आजच्या आज करा: वेव्हमेकरला (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाला) जाळी किंवा स्पंजचे आवरण बसवा, हीटरला गार्ड लावा आणि सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) जाणारे तोंडही झाका. फिरता ॲनिमोन वेव्हमेकरमध्ये ओढला जाऊन त्याचे तुकडे होणे हे घरगुती टँकमधल्या ॲनिमोनच्या मृत्यूचे फार मोठे कारण आहे, आणि त्या तुकड्यांनी सारे पाणी नासून बाकीचे जीवही जातात. तो एका जागी महिनाभर बसला तरी आवरण काढू नका, कारण बबल टिप पुन्हा केव्हाही चालू लागतो, कधी दोन भागांत विभागतो आणि त्यातला एक भाग नवी जागा शोधायला निघतो.

पाण्याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या शहरांसाठी दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. ॲनिमोनला २५ ते २६ अंश तापमान, ३५ च्या आसपास क्षारता म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या यंत्रावर) १.०२५ ते १.०२६, ८.१ ते ८.४ पीएच, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, हे आकडे सर्वत्र वाचायला मिळतात आणि ते बरोबर आहेत. पण आकडा गाठण्यापेक्षा तो न हलणे ॲनिमोनला अधिक मोलाचे असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ पर्यंत गेला होता. खोलीत कूलर चालू असला तरी दुपारी हवा ३२-३३ च्या खाली सहसा येत नाही, आणि पंप व दिवे यांची उष्णता धरून टँकचे पाणी ३० च्या पुढे सहज जाते. ३० च्या वर पाणी काही दिवस राहिले की ॲनिमोन आपले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तशात गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो.

पुष्कळ जण पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावतात. मार्च ते मेच्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी दोन ते चार अंशांनी सहज उतरते, कारण बाष्पीभवन जोरात होते. त्याची किंमत क्षारतेत मोजावी लागते: पाणी उडते, मीठ मागे राहते. तुमच्या दोनशे लिटरमधून दहा लिटर पाणी उडून गेले आणि तुम्ही ते भरले नाही, तर ३५ ची क्षारता ३७ च्या जवळ पोहोचते. पंखा चालू असताना हे दोन-तीन दिवसांत होऊ शकते, आणि मग एकदम बादलीभर गोडे पाणी ओतले की दुसरा धक्का बसतो. अर्धवट उघडणाऱ्या ॲनिमोनच्या बाबतीत मी सर्वांत आधी याच गोष्टीचा संशय घेतो. स्वयंचलित टॉप-अप बसवणे उत्तम. ते शक्य नसेल तर सम्पवर खूण करून सकाळ-संध्याकाळ खुणेपर्यंत पाणी भरा. हे पाणी आरओ-डीआयचेच, म्हणजे गाळून क्षार पूर्ण काढलेलेच, असावे. पेंच किंवा कन्हानचे नळाचे पाणी आपल्याला पिण्यासाठी शुद्ध केलेले असते. त्यातला क्लोरीन आणि क्षार ॲनिमोनला चालत नाहीत, आणि घरच्या पिण्याच्या आरओमध्ये टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम थोडा ठेवलेला असतो, म्हणून त्यापुढे डीआय रेझिनचा टप्पा लागतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि तोच पंखा निरुपयोगी ठरतो. डेझर्ट कूलर त्याच खोलीत असेल तर उन्हाळ्यातही थोडेसे असेच घडते. म्हणून ॲनिमोन ठेवायचा तर नागपुरात चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) हवा, असे मी प्रत्येकाला सांगतो. तो आत्ता, एप्रिलच्या आधी घ्या, कारण एकदा उष्णतेची लाट आली की तुमच्याकडे निवडीला वेळ राहत नाही. चिलर टँकच्या कपाटात कोंडू नका, त्याची गरम हवा बाहेर जायला वाट हवी. मे-जूनच्या वादळी पावसात वीज जाते, तेव्हा किमान एक वेव्हमेकर किंवा एअर पंप इन्व्हर्टरवर चालेल अशी सोय ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली येतो, त्या दिवसांसाठी हीटर लागतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच: डास होऊ नयेत म्हणून काही घरांत कूलरच्या टाकीत रॉकेल किंवा औषध टाकतात, आणि पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणी होते. कूलरची हवा थेट टँकवर येऊ देऊ नका, आणि फवारणीच्या वेळी खिडक्या बंद करून टँक झाका, कारण कीटकनाशके खेकड्यांना आणि माशांना घातक असतात.

टँक सात महिन्यांचा आहे, ही चांगली गोष्ट आहे. सहा महिन्यांच्या आत ॲनिमोन आणू नये, असाच माझाही नियम आहे. मात्र त्यात इतके दिवस मासा नसल्याने एक अडचण संभवते. पाण्यात पोषकद्रव्ये जवळजवळ शून्य असतील तर ॲनिमोनचे शैवाल उपाशी राहते, आणि जिवाणूंची वस्तीही लहान राहते, जी पुढे दोन माशांचा भार एकदम पेलू शकत नाही. नायट्रेट तपासा. ते ५ ते १० पीपीएम असेल तर उत्तम. शून्य येत असेल तर पाणी बदलण्याचा वेग कमी करा आणि खेकड्यांना थोडे अन्न घालत राहा.

ॲनिमोनला भरवण्याची घाई नको. पहिला आठवडा-दहा दिवस तो उपाशी राहिला तरी बिघडत नाही. आता तो दिवसा निम्म्याहून अधिक उघडू लागला की मायसिस (बारीक कोळंबीसारखा जीव) किंवा समुद्री कोळंबीचा अर्ध्या सेंटीमीटरएवढा तुकडा लांब चिमट्याने स्पर्शिकांवर अलगद टेकवा. गोठवलेली कोळंबी असेल तर आरओच्या पाण्यात धुऊन घ्या आणि मीठ-मसाला लावलेली मुळीच वापरू नका. स्पर्शिका चिकटल्या आणि घास तोंडाकडे गेला तर आठवड्यातून दोनदा एवढेच पुरे. घेतला नाही किंवा काही तासांनी बाहेर टाकला, तर तुकडा काढून टाका आणि चार-पाच दिवस थांबा. मोठे तुकडे भरवले की ते आत सडतात. अधिक अन्नाने तो अधिक लवकर बरा होतो, ही समजूत चुकीची आहे.

हा प्रतीक्षेचा काळ रिकामा जात नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. क्लाउनफिशना पांढरे ठिपके, व्हेल्व्हेट आणि ब्रुक्लिनेला हे रोग फार होतात. पहिल्या दोहोंवर तांबे आणि तिसऱ्यावर फॉर्मेलिन वापरतात, आणि यांतले काहीही ॲनिमोनच्या टँकमध्ये घालता येत नाही. तांब्याने तर अपृष्ठवंशीय प्राणी मरतात, आणि ते खडकांत मुरून राहते. म्हणून जोडी आधी चाळीस ते साठ लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये, स्पंज फिल्टरवर, चार ते सहा आठवडे ठेवावी लागतेच. तिची जाळी, नळी आणि बादली वेगळी असू द्या. दुसरे असे की दुकानातल्या माशांच्या पाण्यात राहिलेल्या ॲनिमोनबरोबर, त्याच्या पायाला चिकटलेल्या खड्यावर, पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीच्या पुट्या (कवचबंद अवस्था) येऊ शकतात. मासाच मिळाला नाही तर तो परजीवी मरतो, आणि त्यासाठी सुमारे दहा आठवड्यांचा काळ सुरक्षित मानतात. तुमचा टँक आज बिनमाशांचा आहे, ही परिस्थिती सोन्यासारखी आहे. ती घाईने मोडू नका.

तर मग जोडी केव्हा सोडावी? माझी कसोटी अशी: पाय सलग तीन ते चार आठवडे एकाच जागी असावा, दिवा ठरलेल्या पूर्ण शक्तीवर पोहोचल्यावरही ॲनिमोन दिवसभर उघडा असावा, तोंड घट्ट मिटलेले असावे, स्पर्शिका घास पकडून धरत असाव्यात, आणि रंग उतरत नसून गडद होत असावा. ही सारी लक्षणे एकत्र दिसायला काही ॲनिमोनना पाच आठवडे लागतात, काहींना तीन महिने. पांढरा पडलेला ॲनिमोन असेल तर त्याहूनही अधिक काळ जातो. तुमच्या बाबतीत परजीवीचा हिशेब धरला तर मेच्या अखेरीआधी घाई करण्याचे कारणच नाही, आणि त्या सुमारास नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असेल. तेव्हा नव्या माशांचा भार टाकण्यापेक्षा जूनमध्ये पाऊस येऊन तापमान उतरेपर्यंत थांबलेले मला अधिक शहाणपणाचे वाटते. चिलर बसला असेल आणि पाणी २६ वर स्थिर असेल तर ही शेवटची अट सोडायला हरकत नाही.

कोणता क्लाउन, हेही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही ऑसिलॅरिस ही क्लाउनची जात म्हणता आहात; तो समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, त्याचे यजमान मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी या जातींचे ॲनिमोन आहेत. तरीही टँकमध्ये तो बबल टिप पुष्कळदा स्वीकारतो. मरून क्लाउन मात्र निसर्गात फक्त बबल टिपमध्येच राहतो, त्यामुळे तो लगेच घुसतो. पण त्याची मादी मोठी आणि आक्रमक असते आणि लहान ॲनिमोनला अक्षरशः रगडते. दोनशे लिटरमध्ये आणि तळहाताएवढ्या ॲनिमोनसाठी ऑसिलॅरिसच बरा. ॲनिमोनच्या पसाऱ्याचा व्यास माशाच्या लांबीच्या किमान तिप्पट असावा, म्हणून अडीच-तीन सेंटीमीटरची पिल्ले घ्या. ती समुद्रातून पकडलेली नसून हॅचरीत वाढवलेली असावीत; भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या प्रजननाचे तंत्र विकसित केलेले आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम होते. क्लाउन सारे नर म्हणूनच वाढतात आणि दोघांतला वरचढ असतो तो मादी होतो, त्यामुळे थोड्या लहान-मोठ्या आकाराची दोन पिल्ले एकत्र सोडली की जोडी आपोआप जमते.

जोडी सोडल्यावर ती ॲनिमोनकडे फिरकली नाही तर निराश होऊ नका. हॅचरीतल्या माशांनी ॲनिमोन कधी पाहिलेला नसतो. कोणी तासाभरात शिरतो, कोणी काही महिने कोपऱ्यातच झोपतो. जाळीने किंवा नळीने त्यांना ॲनिमोनवर ढकलू नका. ते शिरले आणि ॲनिमोन दिवसभर आक्रसू लागला, तर मधे छिद्रांची पारदर्शक पाटी घालून आठवडाभर त्यांना वेगळे ठेवा. पुढे नेहमी आधी माशांना टँकच्या दुसऱ्या टोकाला खाऊ घाला आणि मग ॲनिमोनला भरवा. ॲनिमोनने तोंड मिटेपर्यंत चिमटा जवळ धरून घास राखा.

या काळात ॲनिमोनचे तोंड सतत उघडे राहू लागले, आतला भाग बाहेर लोंबू लागला, पाय कोठेच चिकटेना किंवा कुजका वास आला, तर त्याला त्वरित बाहेर काढा, अमोनिया मोजा, मोठे पाणी बदला आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा. आज तुमच्या वर्णनात यांपैकी एकही लक्षण नाही. हे प्राणी नीट जपले तर फार दीर्घायुषी असतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून १८२८ मध्ये आणलेला एक ॲनिमोन एडिंबरामध्ये काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जिवंत होता, आणि तेव्हा ना वेव्हमेकर होते ना चिलर.

आज संध्याकाळी टँकची क्षारता, नायट्रेट आणि दुपारी तीनचे व पहाटेचे तापमान मोजून कळवा, तसेच दिव्याचे मॉडेल, तो पाण्यापासून किती उंचीवर आहे आणि किती तास चालतो, हेही लिहा. आणताना ॲनिमोनच्या पायावर चीर किंवा जखम दिसली होती का, हे आठवत असेल तर तेही सांगा. त्यावरून दिवा किती वाढवायचा आणि भरवायला केव्हा सुरुवात करायची, हे मला अधिक नेमके सांगता येईल.